अहो शेठ, चेंडू आणा

आमच्या सोसायटीत जनूभाऊ म्हात्रे फक्त एकालाच ‘अहो’ म्हणतात, आणि तो कुत्रा आहे.

बाकी सगळ्यांना अरे-तुरे. माझ्या नवऱ्याला ‘काय रे करंदीकर’, सेक्रेटरीला ‘ए किरीट’, मला ‘वैनी, तू गप बस’. मतं मागायला आलेल्या उमेदवाराच्या पाठीत थाप मारून ‘आठवन झाली का रं?’ असं विचारणारा हा माणूस. पण रोज सकाळी खालून त्यांचाच आवाज येतो, “या शेठ. बसा. अहो, असं काय करता? बघा तरी इकडं.” नव्या भाडेकरूंना वाटतं, कुणी मोठा पाहुणा आलाय. खिडकीतून डोकावतात तर हाफ पँट आणि बंडीतला एक म्हातारा हात जोडून उभा, आणि त्याच्यासमोर एक तांबूस, एका कानाने पडका, रस्त्यावरचा कुत्रा निवांत जांभई देतोय.

तो शेठ.

“भाऊ, कुत्र्याला अहो कशाला?” मी एकदा विचारलंच.

“वैनी, तू अहो म्हनून ओरडून दाखव बरं. रागानं.”

मी तिथेच कंपाउंडमध्ये उभी राहून प्रयत्न केला. “अहो!” आवाज चढला, पण त्यात राग काही बसेना. वरून आमचे हे घाबऱ्या घाबऱ्या “आलो, आलो” म्हणत जिना उतरून आले, ही गोष्ट वेगळी.

“बघ,” जनूभाऊ म्हणाले. “न्हाय जमत. म्हनून.”

जनूभाऊंचं ओरडणं ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांना यातली गंमत कळायची नाही. हे मूळचे इथल्याच मोरवा गावचे. घरची मिठागरं होती आणि त्यांवरची मुकादमकी हे स्वतःच करायचे. मिठागराच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या माणसाला हाक मारायची, मध्ये खाडीचा वारा. त्या वाऱ्याशी भांडून तयार झालेला तो आवाज. मिठागरं गेली, बिल्डिंगी आल्या, म्हात्रे मंडळी आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायला आली, पण आवाजाला कुणी हे सांगितलंच नाही.

मी तो पहिल्यांदा ऐकला तो फ्लॉवरच्या ढिगात बसून.

तेव्हाची मी म्हणजे एक प्रकरणच होतं. गिरगावातून नुकतीच इकडे आलेली, विमा कचेरीत टायपिस्ट, स्टार्चची कडक साडी. कुणी पत्ता विचारला तर ‘भाईंदरला असतो, तात्पुरते’ असं सांगायचे. ते तात्पुरतं अजून चालू आहे. सुक्या मासळीचा वास आला की मी नाकाला अत्तराचा रुमाल लावायचे. गल्लीतल्या बायका त्या रुमालाच्या वासाने नाक मुरडतात हे कळायला मला बराच काळ लागला. आणि कुत्र्यांसाठी माझ्याकडे बारा महिने छत्री असायची.

एके दिवशी बाजारात एका पिल्लाने माझ्या निऱ्या हुंगल्या. मी काय करावं? समोरच्या भाजीच्या हातगाडीवर चढले, फ्लॉवरमध्ये बसले आणि छत्री उघडली. छत्री का उघडली, हे मला आजही सांगता येणार नाही. तेवढ्यात मागून आवाज आला, “हाऽऽड!” पिल्लू पळालं. भाजीवालाही पळाला. गाडी एका बाजूला कलायला लागली आणि तिच्यावर मी, कडक स्टार्चमध्ये.

तेव्हा जनूभाऊंच्या मागून येणाऱ्या त्यांच्या बायकोने, हिरावहिनीने, डोक्यावरची पाटी खाली ठेवली, उजव्या हाताने माझं मनगट धरलं आणि भाजी उचलावी तसं मला उचलून खाली ठेवलं. “उतर बाय. पिल्लू हाय ते, वाघ न्हाय.” तिच्या बोटांचे ठसे संध्याकाळपर्यंत माझ्या मनगटावर होते. मिठाच्या पाट्या उचललेला हात तो.

मी हे सगळं सांगतेय ते त्या हातासाठी.

गेल्या वर्षी हिरावहिनीला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं हळूहळू परत आलं, पायही ओढत ओढत चालायला लागला. हात मात्र तसाच मांडीवर पडून राहिला, जणू दुसऱ्या कुणीतरी सांभाळायला दिलाय. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी रबरी चेंडू दिला. धरा, सोडा, फेका. रोज करायचं, आत्ताच करायचं. नाहीतर बोटं आखडून बसतील, मग कुणाच्या हातात काही राहणार नाही. हिरावहिनीने डाव्या हाताने तो चेंडू गॅलरीतून खाली टाकून दिला. “मी काय बाल हाय, चेंडू खेलायला?”

जनूभाऊंनी समजावलं. मग विनवलं. मग एका संध्याकाळी ते ओरडले. मिठागरात मावणारा आवाज वन बीएचकेमध्ये. भिंतीपलीकडे मी पोळ्या लाटत होते, माझं लाटणं थांबलं. हिरावहिनीने भिंतीकडे तोंड केलं आणि जेवलीच नाही.

दुसऱ्या सकाळी जनूभाऊ खाली कुत्र्यासमोर हात जोडून उभे होते.

सोसायटीत व्हायचं तेच झालं. ‘बायको आत बसलीये आणि म्हातारा कुत्र्याशी खेळतोय.’ मीही म्हटलं. मी तर लिफ्टमध्ये, वाण्याकडे आणि हळदीकुंकवाला, असं तीन ठिकाणी म्हटलं. शेवटी राहवेना म्हणून त्यांच्या तोंडावरच म्हटलं.

ते रागावले नाहीत. पायरीवर बसले.

“वैनी, ती माझं ऐकत न्हाय. डाक्टरचं न्हाय, लेकीचं फोनवर न्हाय. पन ह्याला,” त्यांनी शेठकडे बोट केलं, “ह्याला तिनं कदी उपाशी ठेवलंय?”

ते खरं होतं. शेठ मूळचा हिरावहिनीचाच. दुपारी मासळी साफ झाली की ती पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून मुंडकी भिरकवायची आणि हा खाली उडी मारून वरच्यावर झेलायचा. ती आजारी पडल्यापासून मुंडकी बंद झाली, तरी दुपार झाली की हा गॅलरीखाली येऊन वर बघत बसायचा. अजून.

“हा चेंडू तोंडात धरून तिच्या पुढ्यात बसला ना, तर ती फेकंल. माझ्यासाठी न्हाय, ह्याच्यासाठी. जबरदस्ती न्हाय करायची आता. वाटलं पायजे, वैनी. आदी ह्याला वाटलं पायजे, मंग तिला.”

त्यांच्या हातात एक चिंध्यांचा चेंडू होता, वेड्यावाकड्या टाक्यांनी शिवलेला. कापड मी ओळखलं. हिरावहिनीचं लाल लुगडं. रबरी चेंडू तिच्या बोटांतून निसटायचा, म्हणून यांनी स्वतः सुई घेऊन हा शिवला होता.

त्यानंतर मी कुठेच काही म्हटलं नाही. म्हणजे म्हटलं, पण जनूभाऊंच्या बाजूने.

आता अडचण शेठची. रस्त्यावरच्या कुत्र्याच्या दिशेने काही फेकलं तर त्याला दोनच अर्थ माहीत असतात. खाणं, नाहीतर दगड. चेंडू खाण्यासारखा नव्हता, म्हणून तो फेकला की शेठ किरीटभाईंच्या स्कूटरखाली जाऊन बसायचा. जनूभाऊ पहिल्या दिवशी सवयीने एकदाच “ए!” म्हणाले, तर तो दिवसभर बाहेर आला नाही. अहो-जाहो सुरू झालं ते तेव्हापासून.

मग आले सुके बोंबील. बंडीच्या खिशात तुकडे करून भरलेले. चेंडू जमिनीवर ठेवायचा आणि आपण आभाळाकडे बघत उभं राहायचं. शेठने चेंडूकडे नुसतं पाहिलं की तुकडा. हुंगलं की तुकडा. तोंड लावलं की, “वा शेठ! वा! काय बुद्धी हाय!” एवढं कौतुक की शेजारच्या विंगमधून लोक बघायला येत. चेंडू त्याने पहिल्यांदा तोंडात उचलला त्या दिवशी जनूभाऊंनी वॉचमनला मिठी मारली. वॉचमन नंतर अंघोळीला गेला.

उचलायला शिकला, पण आणून देईना. तोंडात धरून कंपाउंडभर पळायचा. आम्ही सगळे ‘पकडा पकडा’ करत मागे, तो पुढे.

“मागं नका लागू रे! मागं लागलं की त्यो पलनारच. तुमी तरी काय करता, उधारीवाला मागं लागल्यावर? आपन पलायचं, त्यो येतो.”

आणि सत्तरी ओलांडलेले जनूभाऊ शेठकडे पाठ करून “अहो, मी चाललो! चाललो बगा!” असं ओरडत पार्किंगमधून पळायला लागले. शेठला ही कल्पना फार आवडली. तो चेंडूसकट त्यांच्यामागे. नव्या वॉचमनला वाटलं, कुत्रा म्हाताऱ्याच्या मागे लागलाय. तो दांडकं घेऊन शेठच्या मागे. म्हातारा, कुत्रा, वॉचमन अशा तीन फेऱ्या झाल्यावर जनूभाऊ एकदम थांबून खाली बसले आणि शेठने चेंडू त्यांच्या मांडीवर सोडला. वॉचमनलाही बोंबलाचा तुकडा मिळाला. तो म्हणाला, हम वेज हैं.

खेळ मात्र ते रोज ऐन रंगात आला की बंद करत. शेठ ‘अजून, अजून’ म्हणून शेपटी हलवतोय आणि हे चेंडू खिशात घालून घरी. “भूक हाय तवाच ताट उचलायचं,” म्हणायचे. “मंग उद्या त्यो आपल्या आदी येऊन बसतो.”

मध्येच त्यांच्या मुलीने मीरा रोडहून एक ट्रेनर पाठवला. टोपी, शिट्टी, गळ्यात ओळखपत्र. त्याने शेठकडे पाहिलं आणि म्हणाला, “अंकल, ऐसे तो साल लगेगा. कान दबाओ. दर्द होगा तो मुँह खोलेगा, बॉल अंदर. एकदम सिंपल.”

जनूभाऊंनी मान डोलावली. मग शांतपणे त्याचाच कान धरला, आणि दुसऱ्या हाताने तो चिंध्यांचा, शेठच्या लाळेने भिजलेला चेंडू त्याच्या तोंडासमोर नेला.

“घ्या,” ते अगदी गोड आवाजात म्हणाले. “वाटतंय का घ्यावंसं?”

ट्रेनर गेला. त्याची टोपी राहिली होती, ती शेठने न सांगता उचलून आणली. मोठ्ठा तुकडा मिळाला.

मी वरून हे सगळं बघत होते आणि विचार करत होते. आमचे हे लग्न झाल्यापासून ओला टॉवेल पलंगावर टाकतात. मी लग्न झाल्यापासून ओरडतेय. एके दिवशी मी काही बोलले नाही, फक्त वाळत घालायच्या दोरीखाली शंकरपाळ्यांचा डबा ठेवला. दोरीकडे बघितलं की एक शंकरपाळा. टॉवेल घेऊन आले की दोन. आता टॉवेल रोज दोरीवर असतो. त्यांचं वजन वाढलंय, पण काहीतरी सोडावं लागतंच.

मग झाला चपलांचा घोटाळा.

आमच्या गेटवर किनाऱ्यावरच्या पाली गावाहून फिलूबाय मासळी घेऊन येते. त्या दिवशी तिच्या टोपलीत सुके बोंबील होते, भरपूर. शेठने हे दुरून हुंगलं आणि त्याला वाटलं, बक्षिसांचं कोठारच उघडलंय. तो जिना चढला. दारादारांतून जे मिळालं ते एकेक करून खाली आणलं आणि फिलूबायच्या टोपलीपुढे मांडत गेला. माझी डावी चप्पल, आमच्या ह्यांचा बूट, कुणाची तरी पायपुसणी, किरीटभाईंचा सँडल. आणि प्रत्येक वस्तू ठेवली की तिच्याकडे बघत बसायचा, नम्रपणे.

“अगो बाय!” फिलूबाय ओरडत होती. “मी म्हावरं विकतंय, चपला न्हाय! गिऱ्हाईक समजतंय मी दुकान बदललं!”

किरीटभाई एका पायावर खाली आले. “जनूभाई, ये नहीं चलेगा. मेरा एक सँडल ले आया!”

“एकच?” जनूभाऊ म्हणाले. “थांब, दुसरा पन आनंल.”

सगळे हसले, किरीटभाईसुद्धा. जनूभाऊ मात्र हसायचे थांबले आणि पायरीवर बसून राहिले. मी चप्पल शोधायला गेले तेव्हा त्यांनी मान वर केली.

“वैनी, चूक झाली. हा मानसाला देत न्हाय. वासाला देतो. माझ्या खिशाला देत होता त्यो. वर नेला असता तर तिला सोडून मलाच आनून दिला असता चेंडू, आनि ती अजून रुसली असती.” मग जरा थांबून म्हणाले, “हिरीच्या हाताला म्हावऱ्याचा वास येऊन किती दिस झालं गं?”

मी सापडलेली चप्पल हातात घेऊन त्यांच्याशेजारी पायरीवर बसले.

दुसऱ्या दुपारी त्यांनी मला वर बोलावलं. हिरावहिनी गॅलरीजवळच्या खुर्चीत. हात मांडीवर. जनूभाऊंनी बंडी काढून बाहेर दाराच्या कडीला टांगली, चड्डीचे खिसे उलटे करून झटकले, हात साबणाने धुतले. मग एक सुका बोंबील चिमटीत धरून तो हिरावहिनीच्या उजव्या तळव्यावर चोळायला लागले.

“आवो, काय करताव?” ती करवादली. “मना कालवनात घालताव काय?”

“गप बस. पावना येतोय.”

शेठ पहिल्यांदाच घरात आला. गुळगुळीत लाद्यांवर चारी पाय चार दिशांना. तोंडात लाल चेंडू. खोलीभर हुंगत हुंगत तो खुर्चीपाशी पोचला आणि थांबला. तळवा हुंगला. चाटला. आणि चेंडू त्या तळव्यावर अलगद ठेवला, आणि वर बघत बसला. गॅलरीखाली बसायचा तसाच.

चेंडू घरंगळून खाली पडला. शेठने उचलला, परत ठेवला. परत पडला. जनूभाऊंच्या तोंडाशी शब्द येत होते आणि ते गिळत होते. हिरावहिनी भिंतीकडे बघत नव्हती. ती त्या पडक्या कानाकडे बघत होती. “किती वालला रं तू,” ती म्हणाली. शेठने चेंडू पुन्हा ठेवला. या वेळी तिचा अंगठा हलला. अगदी जरासा, पण मी पाहिलं, चेंडू क्षणभर टिकला.

“बस!” जनूभाऊ म्हणाले. “आज एवढंच. चला शेठ.”

आणि कुत्र्याला घेऊन दाराबाहेर. मी चिडून त्यांच्या मागे धावले. “अहो भाऊ, काय माणूस आहात! आत्ता कुठे अंगठा हलत होता...”

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

आतून आवाज आला. झटका आल्यापासून एवढा चढलेला आवाज मी तिचा ऐकला नव्हता. “आवो! कुटं नेलं त्याला? आना परत!”

जनूभाऊ जिन्याच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. कडीवरच्या बंडीने नाक पुसलं.

“वाटलं तिला,” ते म्हणाले.

मग रोज दुपारी शेठची भेट ठरली. रोज थोडी, आणि रोज अर्ध्यावर सोडलेली. हिरावहिनी सकाळपासून घड्याळ बघायला लागली. बोटं मिटायला लागली, चेंडू धरला जायला लागला, मग एके दिवशी हात मांडीवरून उचलला गेला. पण फेकायचं काही जमेना. हात वर यायचा आणि तिथेच थांबायचा. पुढचं जणू तो विसरला होता. त्या दिवशी तिचे डोळे भरून आले. “न्हाय व्हयाचं,” ती म्हणाली आणि चेहरा भिंतीकडे वळायला लागला.

मला वाटलं, आता भाऊ ओरडणार.

जनूभाऊ लादीवर शेठच्या शेजारी गुडघे टेकून बसले. हात जोडले.

“अहो,” ते म्हणाले, “टाका ना.”

हिरावहिनीचा चेहरा अर्ध्यात थांबला. तिने आधी शेठकडे पाहिलं. मग यांच्याकडे.

“कुनाला म्हनताव?”

“तुमाला.”

ती हसली. तोंडाच्या ज्या बाजूने हसता येत होतं त्या बाजूने, पण खदखदून हसली, आणि त्या हसण्यात हात सुटला. चेंडू गेला. फार लांब नाही, खुर्चीच्या पायापासून वीतभर. पण शेठने अशी झेप घेतली की जणू तो उत्तनच्या समुद्रात पडलाय, आणि परत आणून तिच्या हातात दिला.

जनूभाऊंचा हात सवयीने खिशाकडे गेला. आज खिसे झटकायचे राहिले होते. तुकडा निघाला. शेठने जीभ बाहेर काढली. पण जनूभाऊंनी तो तुकडा हिरावहिनीसमोर धरला. शेठने माझ्याकडे पाहिलं, मी शेठकडे.

हिरावहिनीने तुकड्याकडे बघितलं.

“आवो, कच्चाच देताव? भाजून तरी आना.”

ते उठले आणि स्वयंपाकघरात गेले. आम्ही वाट बघत बसलो. हिरावहिनी, मी आणि शेठ. बोंबलाचा एक तुकडा भाजायला एवढा वेळ लागत नाही, हे आता मलाही कळतं. मी उठायला लागले तर हिरावहिनीने त्याच हाताने माझं मनगट धरलं. धरलं म्हणजे नुसतं टेकवलं.

“ऱ्हाऊ दे त्यांना,” ती हळूच म्हणाली. “धूर गेला असंल डोल्यात.”

आत गॅस अजून पेटलाच नव्हता.